गुडघे विकणारे गृहस्थ

ऐंशीच्या दशकात मी गंगापूर रोडवरच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला होते. तिथे कृत्रिम गुडघे विकणारे एक गृहस्थ दर महिन्याला यायचे. टेबलावर रुमाल अंथरून त्यावर दोन गुडघे मांडायचे आणि लग्नाची स्थळं सुचवावीत तसं बोलायचे. "हा बिजागरीचा, म्हणजे बघा, मजबूत, पण लवकर सैल होतो. हा दोन तुकड्यांचा, म्हणजे बघा, वळतो छान. पण बसवणारा हात पक्का हवा." तेव्हा अशी ऑपरेशनं क्वचितच होत. खपत काहीच नसे.

एकदा ते बसलेले असतानाच निफाडच्या एका आजी आल्या, आणि त्यांच्यासाठी डॉक्टरांनी दोन तुकड्यांचा पसंत केला. आजींनी विचारलं, "मांडी घालता यील का?"

"सगळं येईल," डॉक्टर म्हणाले.

गृहस्थ चुळबुळले. मग हळूच म्हणाले, "नाही आजी. दोन्हींत मांडी घालता येत नाही."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे डोळे वटारले. मला वाटलं, गेली ऑर्डर.

"आन् चालता?"

"चालाल की. पार मळ्यापर्यंत."

"मंग बसवा. मांडी घालून बसायला मला कधी येळ मिळाला?"

गृहस्थांना पहिली ऑर्डर मिळाली. डॉक्टरांनी मात्र त्यानंतर त्यांना पेशंटसमोर कधीच बसू दिलं नाही.