चित्रातला वारा

आमच्या कामोठ्याच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात. घराणं मिठागरवाल्यांचं. मिठागरं गेली, पण बोट ओलं करून वारा बघायची खोड काही गेली नाही. गॅलरीत लुंगी वाळत घालतानाही आधी बोट वर जातं.

मी चित्रकलेचा मास्तर. मुंबईतलं मोठं म्युझियम म्हणजे माझं माहेरच, म्हणून एकदा हौसेनं त्यांना तिथे घेऊन गेलो. मूर्ती, तलवारी, चिनी भांडी त्यांनी हात मागे बांधून, भाव न विचारता बाजारातून फिरावं तशी उरकली. माझ्या लाडक्या चित्रापुढे मात्र थबकले. भर समुद्रात शिडाची होडी. यात एक तरी चूक दाखवा, असं मी वर्षानुवर्षं मुलांना बजावत आलोय.

काकांनी त्या एसीतही बोट ओलं करून वर धरलं. "मास्तर, निशान डावीकडं उडतंय नि शीड उजवीकडं फुगलंय. वारा हाय कुठचा? ही बुडनार."

मी शैली, परंपरा, कल्पनाशक्ती, सगळं सांगून पाहिलं. ते नुसते हसले. तेव्हापासून मला त्या चित्रात दुसरं काही दिसतच नाही.

परवा एकटाच जाऊन आलो, तर काका जिन्यापाशी उभेच. "काय मास्तर, बुडली का होडी?"

"नाही हो," मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "अजून तरंगतेय!"



"मंग पानी पन खोटंच हाय."