फ्रॉकवरचा लाल दोरा

आई गेल्यावर मामाने मला घरी आणलं, त्या दिवशी दाराआडून भांडण ऐकू आलं.

"अहो, ही लॉन्ड्री आहे, धर्मशाळा नाही!" मामी कडाडली.

परत द्यायच्या कपड्यांना मामी खुणेचा लाल दोरा घालायची. घरच्यांच्या कपड्यांना नाही. माझ्या फ्रॉकच्या कॉलरला मात्र घातला. म्हणजे मीही परत जाणार! मी रोज कॉलर चाचपून बघायचे.

एका सकाळी दोरा गायब.

"मामी, दोरा कुठाय?"

"उसवला. तुला पोचवू कुणाकडे? बसलीस माझ्याच डोक्यावर!"

मी दिवसभर घरभर मिरवले.

मामी म्हातारपणी वारली, त्या दिवशी सकाळीही ती कपड्यांचं गाठोडं घरोघर पोचवून आली आणि दारातूनच मला ओरडली, "बघतेस काय? इस्त्री तापव!"