नंबर ८३९चा रेमी

लोर्डेगेम गावात रेमी कोस्मान्सला चिडलेलं पाहिलं नाही असा माणूस सापडणार नाही. बेकरीत पाव कालचा निघाला की तो चिडे, रेफ्री कोवळा पोरगा असला की चिडे, कबुतरांच्या शर्यतीत शेजाऱ्याचं कबुतर आधी घरी उतरलं तर त्या बिचाऱ्या कबुतरावर चिडे. पण हे सगळे चिल्लर राग. खरा राग एकच होता. तो त्याने बाविसाव्या वर्षी धरला आणि अडुसष्टाव्या वर्षापर्यंत त्याला गंज चढू दिला नाही. त्याची बायको जेनीन म्हणायची, "आमच्या घरात दोन लग्नं झालीयत. माझं रेमीशी आणि रेमीचं अल्बेरिक देमाइंकशी."

अल्बेरिक देमाइंक म्हणजे गावातल्या दारूभट्टीचा मालक आणि गावच्या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. रेमी आठवडाभर त्याच्या भट्टीची बियरची पिंपं ट्रकवर चढवायचा आणि रविवारी त्याच्याच क्लबसाठी गोल मारायचा. सहा दिवस मालक तोच, सातव्या दिवशीही तोच. देवाने निदान एक दिवस सुट्टी घेतली होती, देमाइंकने तीही घेतली नाही.

रेमीचे गोल देखणे नसत. चेंडू कधी नडगीला लागून जायचा, कधी ढुंगणाला, एकदा तर चिखलात पडल्यापडल्या त्याने कपाळाने ढकलला होता. पण जायचा. गोलकीपर सिरिएल म्हणायचा, "चेंडूला रेमीची भीती वाटते रे, म्हणून तो जाळ्यात लपतो." असा स्ट्रायकर आसपासच्या गावांत दुसरा नव्हता. ही बातमी गेंट शहरापर्यंत गेली. तिथल्या एका मोठ्या क्लबची दोन माणसं रेनकोट घालून तीन रविवार कुंपणाशी उभी राहिली. तिसऱ्या रविवारी रेमीने तीन गोल घातले. त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पगार देऊ, राहायला जागा देऊ, ये. जेनीनशी तेव्हा लग्न ठरलेलं होतं. ती बसने गेंटला जाऊन ती जागा पाहून आली, खिडक्या मापून आली आणि पडद्यांचं पिवळं कापड घेऊन आली.

आता मेख अशी होती. बेल्जियममध्ये प्रत्येक क्लबला एक नोंदणी नंबर असतो. जितका क्लब जुना, तितका नंबर लहान. लोर्डेगेमचा नंबर आठशे एकोणचाळीस. त्या काळी पोरगा दहाव्या वर्षी क्लबात आला की त्या नंबराला बांधला जायचा. करार असो नसो, पगार मिळो न मिळो, क्लबने सोडल्याशिवाय दुसरा कोणी त्याला खेळवू शकत नसे. 'मला सोडा' असं क्लबला विचारायचा महिना एप्रिल. गोठ्यातल्या गाईलासुद्धा निदान बाजार दाखवतात. खेळाडूला तेवढंही नव्हतं आणि याला कुणी अन्याय म्हणत नसे. याला रीत म्हणत.

एप्रिलमध्ये रेमी भट्टीच्या कचेरीत गेला.

"मालक, मला सोडा."

"कशाला?"

"गेंटला खेळायला."

"मग इथे काय गोट्या खेळतोस?" देमाइंकने आपली करडी हॅट टेबलावर ठेवली. "हे बघ रेमी. तू आठशे एकोणचाळीसचा आहेस. मी तुला विकणार नाही, उसनाही देणार नाही. क्लब मेला की तू मोकळा. त्याच्या आधी नाही. आणि क्लब मरत नसतो पोरा, माणसं मरतात. जा, पिंपं खोळंबलीयत."

रेमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबल उलटं करावं असं त्याला वाटलं. पण त्या टेबलावर त्याची नोकरी होती, त्याच्या बापाची नोकरी होती आणि जेनीनच्या भावाचीही होती. तो मूग गिळून बाहेर आला आणि पिंपं चढवू लागला. त्या दिवशी त्याने दोन फोडली.

पुढच्या रविवारी त्याने गोल मारला आणि हात वर करून धावण्याऐवजी तो सरळ अध्यक्षांच्या खुर्चीसमोर गेला. कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि डोळे काढून बघत राहिला. देमाइंक सावकाश उठला आणि त्याने हसत हॅट उचलली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

तिथेच सगळं नासलं. पुढच्या गोलाला लोक आधीच ओरडू लागले, "टोपी! टोपी!" रेमी कमरेवर हात ठेवून उभा, देमाइंक हॅट उचलतोय, बायका हसतायत, पोरं बापाच्या खांद्यावर चढून बघतायत. शेजारच्या गावांतून लोक हा खेळ बघायला येऊ लागले आणि येताना तहान घेऊन आले. म्हणजे रेमी जेवढा चिडे, तेवढी देमाइंकची बियर खपे. माणसाला बांधून ठेवायचं ते ठेवायचं, वर त्याच्या संतापाचा तमाशा लावून गल्ला भरायचा! सोळा मोसम हे चाललं. रेमीला थांबता आलं असतं. पण थांबलो तर त्याला वाटेल मी विसरलो, असं तो म्हणायचा. शेवटी त्याचा गुडघा थांबला.

पुढे बेल्जियममधलाच एक खेळाडू कोर्टात गेला आणि करार संपलेल्या खेळाडूला अडवून ठेवायची रीत मोडून आला. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा रेमी चव्वेचाळीसचा होता. त्याने कॉफीचा कप भिंतीवर आपटला. जेनीन डाग पुसत म्हणाली, "अरे, चांगली बातमी आहे ना?" "म्हणूनच," तो म्हणाला.

देमाइंक मेला तेव्हा अख्खं गाव चर्चमध्ये होतं. शवपेटीवर ती करडी हॅट ठेवली होती. पेटी बाकांमधून निघाली तसा रेमी उठला आणि त्याचे हात आपसूक कमरेवर गेले. जेनीनने त्याला असा चिमटा काढला की दंड आठवडाभर काळानिळा होता. त्याने हात काढले नाहीत. पेटी गेली. या वेळी हॅट कुणी उचलली नाही.

आता देमाइंकचा मुलगा लीवेन अध्यक्ष होता. भट्टी त्याने कधीच मोठ्या कंपनीला विकली होती. उरलं होतं मैदान, तेही बापाच्या नावावरचं. त्यावर त्याला घरं बांधायची होती. म्हणून त्याने युक्ती काढली, की लोर्डेगेमचा क्लब शेजारच्या स्टेनहाउतच्या क्लबात विलीन करायचा आणि हायवेच्या कडेला दोघांचं मिळून नवं मैदान करायचं. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे. दोन क्लब एक झाले की नंबर एकच राहतो. स्टेनहाउत वरच्या गटात खेळत होतं, तेव्हा नंबर त्यांचा राहणार आणि आठशे एकोणचाळीस खोडला जाणार. खोडलेला नंबर पुन्हा कुणाला मिळत नाही.

रविवारी सभासदांचं मत घ्यायचं होतं. गुरुवारी लीवेन चेरीचा टार्ट घेऊन रेमीच्या दारात आला.

"रेमीकाका, गाव तुमचं ऐकतं. तुम्ही बोललात तर रविवारी सोपं जाईल."

"काय बोलू?"

"तुम्ही बाबांना जन्मभर शिव्या घातल्यात. मी त्या ऐकतच मोठा झालोय." लीवेन हसला. "आता त्यांचा क्लब बुडवायची आयती संधी देतोय तुम्हाला. घ्या की सूड!"

रेमी इतका जोरात उठला की खुर्ची मागे पडली. "तुझ्या बापाचा क्लब? गोल कुणी मारले, तुझ्या बापाने? त्याने मला या नंबराला बांधलं. का? तर हा नंबर म्हणे कधी मरत नाही. बरं, मी म्हटलं, नाही मरत तर नाही मरत, माझं आयुष्य खाऊन तरी जगतोय. आणि तू त्याला चार घरांसाठी मारणार? मग मला कशासाठी बांधलं होतं रे? सांग ना! कशासाठी?"

लीवेनने टार्टच्या खोक्याची दोरी सोडायला घेतली.

"तो ठेव आणि चालू लाग," रेमी म्हणाला. "नको, तोही घेऊन जा."

दार लागल्यावर जेनीन म्हणाली, "मरू दे ना तो नंबर. माझं काय भलं केलं त्याने? गेंटच्या घराचे पडदे मी शिवून ठेवले होते. शेवटी तू ते कबुतरांच्या खुराड्यावर टाकलेस."

"म्हणूनच मरू द्यायचा नाही. तो मेला तर सगळं फुकट गेलं."

"फुकटच गेलंय रेमी," ती म्हणाली. "तू एकटाच मानत नाहीस."

रविवारी चर्च सुटल्यावर क्लबचं कॅंटीन भरलं. तळणीवर बटाटे चढले होते आणि बियरची पहिली फेरी लीवेनकडून होती. लोर्डेगेममध्ये मत द्यायचं म्हणजे ग्लासाखालचा पुठ्ठा वर करायचा, त्यामुळे ज्याच्या हातात ग्लास त्याच्या हातात मत. आणि ग्लास कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. सेक्रेटरीच्या टेबलावर सिरिएल बसला होता, तोच जुना गोलकीपर, आता दोन्ही कानांत यंत्रं घातलेला.

लीवेनने नव्या मैदानाचं चित्र दाखवलं. हिरवळ कृत्रिम, दिवे नवे, गाड्या लावायला जागा. मग रेमी उभा राहिला.

"दिवे!" तो ओरडला. "आपण चिखलात हरलो आणि चिखलातच जिंकलो, तेव्हा कुणी दिवे मागितले होते? स्टेनहाउतचा शर्ट घालणार तुम्ही? ज्यांनी आपल्या बसच्या काचा फोडल्या त्यांचा? तुमच्या आज्यांनी या कॅंटीनच्या विटा वाहिल्यात. नंबर म्हणजे काय दाराची पाटी आहे, काढली आणि दुसरी ठोकली? मी या नंबरासाठी..." त्याचा आवाज चिरकला. त्याच्या नकळत हात कमरेवर गेले होते.

मागून कुणीतरी तरुण पोरगा ओरडला, "टोपी!"

सगळं कॅंटीन हसलं. वाईट नव्हतं ते हसणं, त्यात मायाच होती. "टोपी! टोपी!" म्हातारे डोळे पुसत ओरडू लागले, टेबलं बडवू लागले. लीवेनच्या डोक्यावर हॅट नव्हती, पण तो उठला आणि त्याने हवेतच नसलेली हॅट उचलली, अगदी बापासारखी. टाळ्यांनी छप्पर हाललं. कुणीतरी रेमीच्या पाठीवर थाप मारली, कुणीतरी त्याच्या हातात बियर दिली. "काय बोललास लेका! काळजाला हात घातलास!"

आणि मग त्याच लोकांनी पुठ्ठे वर केले. लीवेनच्या बाजूने. रेमीच्या पाठीवर थाप मारणाऱ्याचा पुठ्ठा तर पहिला वर गेला. मोजायला लागलं नाही, इतके ते होते. माणसाला मारायचं तर त्याच्या विरोधात उभं राहावं लागतं असं काही नाही. त्याच्यासाठी टाळ्या वाजवूनही मारता येतं, आणि ते त्या माणसांना कळलंसुद्धा नाही.

रेमीने हातातली बियर जमिनीवर ओतली आणि तो बाहेर पडला. अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीपाशी तो थांबला. मागून सिरिएल आला, धापा टाकत.

"रेमी, एक सांगायचं होतं. तुझं नाव अजून खेळाडूंच्या यादीत आहे. तू कधी सोडून गेला नाहीस, आणि काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आता नंबर खोडला की..." तो थांबला. आपण हे का सांगायला आलो ते त्यालाही नीट कळेना. "नियमाप्रमाणे तू मोकळा. कुठल्याही क्लबात जाऊ शकतोस."

रेमीने त्याच्याकडे पाहिलं. ओरडायला त्याने तोंड उघडलं, पण सिरिएल नीट ऐकू यावं म्हणून कानातलं यंत्र फिरवत होता. रेमीने तोंड मिटलं आणि तो गुडघा ओढत घरी गेला.

जेनीन ओट्यापाशी बटाटे सोलत होती.

"सोडलं मला," तो म्हणाला.

"कुणी?"

"क्लबने. मेला क्लब. आता मी मोकळा. पाहिजे तिथे खेळू शकतो, गेंटला सुद्धा." त्याने मूठ टेबलावर आपटली. "ऐकतेयस ना? गेंटला सुद्धा!"

जेनीनने सुरी खाली ठेवली. मागच्या दाराने ती खुराड्यापाशी गेली आणि पत्र्यावरचं ते कापड हिसडून काढलं. पिवळा रंग त्यात कुठे राहिला नव्हता. तिने ते आत आणून त्याच्यासमोर टेबलावर टाकलं, धूळ, पिसं, विष्ठा सगळ्यासकट.

"घे," ती म्हणाली. "खिडक्यांचं माप मला अजून पाठ आहे."