पंखा काढून ठेवला होता

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सोलापुरात नव्या पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधून आणतात, "नजर लागली ओ" म्हणतात. मी लिंबू सोडून त्यांच्या हातात देतो, रॅम पुसतो आणि मशीन चालू करून देतो. बिघाड आहे म्हणजे कारण आहेच, हे माझं ठाम मत. मागच्या मे महिन्यापर्यंत तरी होतं…

मशीन नरसय्याकाकांचं. पूर्व भागात त्यांचं घर आणि मागे शेडमध्ये टॉवेल-चादरीचे माग. चादरीवरची डिझाइनं काका स्वतः काढायचे. आधी चौकटीच्या कागदावर, मग पडद्यावर एकेक चौकोन भरत मोर, कमळ, वेली. जन्म त्यात गेला. मग दिवाळीनंतर त्यांना पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. माग विकले. मुलगा श्रीनिवास माझा शाळेतला मित्र, तो पुण्याला नोकरीला. आई-वडिलांना घेऊन जायला आला, तर काकू अडून बसल्या. मला म्हणाल्या,

"ह्यांची सगळी डिझाइनं आधी काढून दे. त्याशिवाय मी हितनं हलत नाही."

काम सोपं वाटलं. पण काकांचं सॉफ्टवेअर जुनंपुराणं. त्याच्या फाइली दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उघडत नाहीत. त्याच कॉम्प्युटरवर एकेक डिझाइन उघडायचं, त्याचा फोटो बनवायचा आणि पेन ड्राइव्हवर घ्यायचा. आणि तो कॉम्प्युटर दोन-तीन डिझाइनं झाली की खटकन बंद! प्रोसेसर तापत होता. तापमान नव्वदच्या वर जायचं आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद व्हायचं.

उघडलं तर आत कापसाची तूस गादीसारखी बसलेली. ब्लोअर मारला, साफ केलं. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी जुनी थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली. मशीन परत दिलं. संध्याकाळी काकूंचा फोन, "अरे, परत बंद पडलं की!"

पंखा बदलला. परत बंद. पॉवर सप्लाय बदलला. परत बंद. घरचं अर्थिंग तपासलं, स्टॅबिलायझर लावला. शेवटी दुसऱ्या एका जुन्या मशीनमधला प्रोसेसरच काढून ह्यात बसवला. परत बंद! गाडीवर पायांत कॅबिनेट घेऊन, डोक्याला रुमाल गुंडाळून त्या उन्हात मी किती चकरा मारल्या विचारू नका.

आणि चीड आणणारी गोष्ट वेगळीच होती. दुकानात त्यावर प्रोसेसरला घाम फोडणारी टेस्ट लावली, तर दिवसभर साठच्या वर गेला नाही. तेच काकांचं सॉफ्टवेअर उघडून नुसता मोर पडद्यावर आणला, ज्याला प्रोसेसरची शक्ती नखभरसुद्धा लागत नाही, की पंच्याण्णव! ह्याला काय म्हणायचं?

श्रीनिवासची रजा संपत आली होती. त्या दुपारी मी सामान घेऊन त्यांच्या घरीच गेलो. काका बाहेरच्या खोलीत कॉटवर, मशीन आतल्या खोलीत. परत तेच झालं, तेव्हा माझं डोकं फिरलं. प्रोसेसरवरचा पंखा उचकटून काढला, वर्तमानपत्रावर आपटला आणि अंगणात आलो.

श्रीनिवास म्हणाला, "सोड बे. भंगारात घालतो. आईला मी समजावतो."

"तू समजाव. मी हात टेकले."

आम्ही लिंबाखाली त्यावरच बोलत होतो. आत काकूंचा काकांशी तेलुगूत काहीतरी संवाद चालला होता. म्हणजे बोलत होत्या त्या एकट्याच, काका नुसते हूं-हूं करत. मग चाकाच्या खुर्चीचा आवाज आला. आम्ही लक्ष दिलं नाही. बऱ्याच वेळाने काकू दारात आल्या.

"चालू झालंय बघ. किती छान काम केलास रे!"

मी काही केलंच नव्हतं. मी आत पळालो.

काका खुर्चीत टेबलाशी बसलेले. डाव्या हाताने त्यांनी आपला लुळा उजवा हात उचलून कॅबिनेटवर ठेवला होता. पडद्यावर मोर. कोपऱ्यात तापमान — सेहेचाळीस.

आणि पंखा वर्तमानपत्रावर पडलेला! बाजूचं झाकण उघडंच होतं. मी वाकून पाहिलं. प्रोसेसरवर नुसता हीट सिंक, म्हणजे ॲल्युमिनियमचा ठोकळा, वर काही नाही.

ज्यांना ह्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मे महिन्यातलं सोलापूर, वर पत्रा, आणि ते जुनं मशीन पंख्याशिवाय… चहा गार व्हायच्या आत बंद पडायला हवं. पडत नव्हतं.

"काकू, हे कुणी चालू केलं?"

"मीच की. हे खुणा करत होते, आत ने, आत ने. आणलं. बटण दाबायला सांगितलं, दाबलं. का, काय झालं?"

मशीन बंद करून पंखा लावायची माझी हिंमत झाली नाही. खाली बसलो आणि एकेक डिझाइन उघडत गेलो. श्रीनिवासला नुसतं बोटाने पंखा दाखवला. त्याचा चेहरा उतरला. प्रत्येक डिझाइन आलं की काका बघायचे, मान हलवायचे. एका कमळापाशी हसले. तोंडाची एकच बाजू हसली. काकू म्हणाल्या, "हे श्रीनूच्या बारशाला काढलेलं." मध्ये काकूंनी त्यांना पाणी पाजताना त्यांचा हात कॅबिनेटवरून जरा घसरला, तर आकडा सत्तरवर गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. काकांनी घाईने हात परत वर ठेवला. आकडा खाली.

ऊन कलेपर्यंत सगळी डिझाइनं निघाली. मी "झालं काका" म्हणालो. त्यांनी शांतपणे डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर घेतला. त्याच क्षणी पडदा काळा झाला.

मी हीट सिंकला बोट लावलं. माठासारखं गार. कॅबिनेटचा पत्रा, जिथे त्यांचा हात होता, तोही गार. तेवढ्यात काकू ओरडल्या, "अय्यो! हे काय!"

त्यांनी काकांचा उजवा तळहात वर केला होता. लालभडक. तव्यावर टेकल्यासारखा. काकांना त्या हाताला काही कळतच नव्हतं, ते आमच्याकडे बघत होते, हे का ओरडतात म्हणून. श्रीनिवासने तपेलीत पाणी आणलं आणि त्यात वडिलांचा हात धरून बसला. कितीतरी वेळ. पुढे भंगाराचं नाव त्याने काढलं नाही.

मशीन त्यानंतर चालू झालंच नाही. मी बोर्ड तपासला, मेला होता. त्यामुळे परत करून बघायची सोयही उरली नाही. सेन्सर बिघडला असेल, म्हणाल तुम्ही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो. पण बिघडलेला सेन्सर प्रोसेसर गार ठेवत नाही ना… आणि हात कशाने भाजला?

परवा पुण्याहून काकूंचा फोन आला होता. काकांच्या त्या हाताला आता जाणीव आलीय म्हणे. गरम चहाचा पेला लागला तर हात मागे घेतात. काही महिन्यांनी येते अशी जाणीव, असं डॉक्टर म्हणाले. येत असेल.

मी दुरुस्तीवाला माणूस. कारण सापडलं नाही की मला जेवण गोड लागत नाही. ह्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.