शेवटच्या पंगतीची डायरेक्टर

जगात असा एकही विषय नाही जो माझ्या मोठ्या जावेला स्वयंपाकघरातल्या शब्दांत सांगता येत नाही, आणि असा एकही पदार्थ नाही जो तिला करता येतो. तिचा जन्म इथला, अमेरिकेतला. शाळा इथली, कॉलेज इथलं, रागही इंग्रजीत येतो. मराठी तेवढं आईकडून आलेलं, आणि आई सदानकदा ओट्यापाशी. इथल्या मराठी मंडळाचं स्वयंपाकघर त्या माउलीनं कित्येक वर्षं एकहाती चालवलं. ही लहानपणी स्टुलावर बसून गृहपाठ करायची आणि कानांनी सगळं टिपायची, पण उठून हात लावायला गेली की आई म्हणायची, "तू नको मधे येऊस. जा, बाहेर खेळ." ही बाहेर गेली आणि इतकी खेळली, इतकी खेळली, की शेवटी एका कॉलेजची अ‍ॅथलेटिक डायरेक्टर झाली. त्यामुळे बजेट संपत आलं की ती म्हणते, "खाली लागलंय, यार." नवा कोच बिचकत असेल तर "अजून मुरायचाय." मीटिंगमध्ये भांडण होता होता राहिलं तर "उतू जायच्या आधी गॅस बंद केला." आणि एखादा माणूस नुसताच बोलबच्चन निघाला तर "वाफ खूप, भात कच्चा." ही भाषा ऐकून वाटतं, बाईच्या हाताला काय चव असेल!

हा गैरसमज माझ्या नवऱ्यालाही होता. मी लग्न होऊन नागपूरहून इथे नेपरव्हिलला आले, तेव्हा वहिनीनं, म्हणजे याच जावेनं, आम्हाला जेवायला बोलावलं आणि साबुदाण्याच्या खिचडीवर सुंदर व्याख्यान दिलं. दाणा कसा टपोरा भिजला पाहिजे, बोटांनी दाबला की कसा मोडला पाहिजे. फक्त भिजवायचा कधी, हे आईनं मोठ्यानं कधी म्हटलं नसावं. वहिनीनं कोरडा साबुदाणा सरळ फोडणीत टाकला आणि वरून पाणी ओतलं. नवऱ्याची दाढ गेली. त्याच दाढेमुळे आमची गावातल्या डेंटिस्टशी ओळख झाली. त्याची गोष्ट पुढे येतेच. वयानं आणि मानानं वहिनी माझ्याहून मोठी, पण पहिल्याच दिवशी तिनं मला अगं-तुगं करायला लावलं, कारण तिच्या मराठीत "अहो" हा शब्दच नाही. आई तिच्याशी "तू"मध्ये बोलली, म्हणून ही सगळ्या जगाशी "तू"मध्ये बोलते. मंडळाचे अध्यक्ष असलेल्या सत्तरीच्या काकांनाही ती खांद्यावर हात ठेवून म्हणते, "काका, तू बस ना, दमला असशील." काका आधी दचकायचे. आता दुसऱ्या कुणी "तुम्ही" म्हटलं तर त्यांना परकं वाटतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडे बातमी आली होती की मुलाची वहिनी अमेरिकेत डायरेक्टर आहे. माझ्या आईनं ती अख्ख्या कॉलनीत सांगितली. आत्यानं विचारलं, कुठले पिक्चर काढले? शेजारच्यांना वाटलं, एखाद्या कंपनीची असेल. मग साखरपुड्याच्या दिवशी खुलासा झाला आणि माझा मामा, ज्याला कुठल्याही गोष्टीतली हवा काढायला फार आवडतं, जिलबी खाता खाता म्हणाला, "म्हणजे पीटीच्या बाई!" झालं. नागपुरात तिचं तेच नाव पडलं. खरं सांगायचं तर मीही गळ्यात शिट्टी घातलेल्या बाईची वाट बघत विमानातून उतरले होते. इथे आल्यावर कळलं की कॉलेजचे झाडून सगळे संघ हिच्या हाताखाली. कुठल्या संघाला कोच कोण, कुणाला काढायचं, पैसा कुठे लावायचा, हे सगळं ही ठरवते. आणि हेही कळलं की हे काम कसं करावं, ते तिच्याखेरीज गावातल्या प्रत्येकाला नीट माहीत आहे.

डेंटिस्टचंच घ्या. तो त्याच कॉलेजचा जुना विद्यार्थी. वहिनीच्या तोंडात आरसा, नळी आणि स्वतःची दोन बोटं असताना त्यानं तिला फुटबॉलचा कोच का बदलायला हवा हे इत्थंभूत समजावलं, आणि शेवटी "सो, यू अ‍ॅग्री?" असं विचारलं. तिनं "आँ" म्हटलं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की डायरेक्टरीण फुटबॉलच्या कोचला काढतेय. दुकानातली कॅशियर दूध पिशवीत भरता भरता पोहण्याच्या संघावर मत देते. आपल्या मंडळातले काका तर विचारूच नका. ज्यांना या अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट का असतो याचाही पत्ता नाही, ते म्हणतात, "डिफेन्सवर खर्च कमी पडतोय तिचा." वहिनी सगळ्यांचं शांतपणे ऐकते. मी एकदा चिडून म्हटलं, "तुला राग कसा येत नाही गं?" तर म्हणाली, "अगं, जेवायला बसलेला माणूस बोलणारच. मीठ कमी आहे म्हणतोय म्हणजे जेवतोय तरी. पान सोडून उठला तर मला टेन्शन."

पण दोन गोष्टी अशा घडल्या की गाव खरंच पान सोडून उठायला आलं.

पहिली स्क्रीनची. फुटबॉलच्या मैदानावर भला मोठा व्हिडिओ स्क्रीन बसवायचा, यासाठी कॉलेजनं पैसे बाजूला ठेवले होते आणि गाव त्या स्क्रीनवर स्वतःचं तोंड बघायला आतुर झालं होतं. त्याच सुमारास एका संध्याकाळी वहिनीला पोहण्याच्या संघातल्या मुली ओल्या केसांनी मशीनमधल्या वेफर्सची पाकिटं खाताना दिसल्या. त्यांचा सराव सगळ्यात शेवटी, आणि तोवर कॉलेजची मेस बंद व्हायची. वहिनीनं स्क्रीन कॅन्सल केला आणि ते पैसे मेस उशिरापर्यंत चालू ठेवण्यात घातले. सराव कितीही उशिरा संपो, शेवटच्या मुलालाही गरम जेवण. मला म्हणाली, "आई सांगायची, पहिल्या पंगतीवरून काही कळत नाही. शेवटच्या पंगतीला काय मिळालं ते बघ." कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या पेपरात तिचं व्यंगचित्र आलं, हातात पळी घेतलेलं. तिनं ते फ्रेम करून ऑफिसात लावलं. उभ्या जन्मात तिच्या हातात पळी दिसण्याची तेवढीच संधी होती, असं माझ्या मोठ्या दिरांचं म्हणणं.

दुसरी गोष्ट कोचची. मुलींच्या बास्केटबॉलची कोच निवृत्त झाली आणि शेवटी दोन नावं उरली. एक गाजलेला माणूस, ज्याच्या नावावर कपाटभर ट्रॉफ्या. दुसरी एका लहानशा गावातल्या शाळेतली कोच, उंच, अबोल, जिचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. रीतसर मुलाखती झाल्या, आणि मग वहिनीनं दोघांनाही "कम्युनिटी लंच" म्हणून आमच्या मंडळाच्या पाडव्याच्या जेवणाला आणलं. एरवी आमच्याकडेही रांगेत उभं राहून ताट भरून घ्यायचं असतं, पण पाडव्याला वहिनीच्या आईनं सुरू केलेली पंगत अजून आहे, शाळेच्या कॅफेटेरियातल्या लांब टेबलांवर. वहिनीनं दोघांना एप्रन बांधले, हातात श्रीखंडाचं एकेक पातेलं दिलं आणि म्हणाली, "सर्व्ह." मग माझ्या कानात, "आई म्हणायची, वाढणाऱ्याची नजर पानावर पाहिजे, पातेल्यावर नाही. बघू या."

गाजलेला माणूस खरोखर लाघवी होता. पहिल्या टेबलावर त्यानं सढळ हातानं वाढलं, काकांच्या पाठी थोपटल्या, काकूंबरोबर फोटो काढले, आणि अर्ध्या रांगेतच त्याचं पातेलं खरवडायला आलं. पुढच्यांना तो नुसतंच गोड बोलला. ती बाई आधी हातात पातेलं घेऊन रांगेच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. मला इंग्रजीत विचारलं, शेवटी कोण जेवतं? मी म्हटलं, आम्ही, वाढणारे आणि भांडी घासणारे. तिनं मान हलवली आणि वाढायला लागली, ती थेट मसालेभातावर! वाटी नावाची वस्तू श्रीखंडासाठी असते हे तिला कोण सांगणार? "अहो अहो" असा गलका झाला. मी कपाळाला हात लावला. पण तिच्या रांगेत शेवटच्या पानापर्यंत श्रीखंड पोचलं, मधुमेहवाल्या जोशीकाकूंनी नुसती नजर खाली घातली तर त्यांना तिनं बोटभरच वाढलं, आणि आम्हा वाढप्यांसाठीही तळाशी उरलं. वहिनी डोळे मोठे करून म्हणाली, "शी इज द वन, यार."

"अगं, भातावर वाढलं तिनं!"

"सो? ते शिकवता येतं."

तिनं त्या बाईला घेतलं आणि वादळ उठलं. स्क्रीन घालवला, आता कोचही शाळेतली! स्क्रीनसाठी पदरची भर घालायला निघालेल्या एका मोटारींच्या शोरूमवाल्यानं जाहीर केलं की या बाईला खेळातलं काही कळत नाही. कॉलेजच्या प्रेसिडेंटनं तिला बोलावून घेतलं आणि अमेरिकन गोड आवाजात सांगितलं की हा एक सीझन बघू, मग तुझ्या नोकरीबद्दल बोलू. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली, सोफ्यावर पाय घेऊन बसली आणि म्हणाली, "मला गॅसवर ठेवलंय." हसली, पण चहा तसाच गार होऊ दिला. तेव्हा मला कळलं की हिलाही चटका बसतो. त्या कॉलेजवर तिचा जीव आहे. दुसरीकडे नोकरी मिळाली असती; तिला ती नको होती.

सीझन सुरू झाला आणि संघ धडाधड हरायला लागला. मंडळात काका म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं." त्यांनी आधी काहीच म्हटलं नव्हतं, पण ते असो. कोच प्रत्येक सामन्यात बाकावरच्या सगळ्या मुलींना खेळवायची, अगदी टोकाला बसणाऱ्या बुटक्या चष्मेवालीलासुद्धा, आणि लोक डोकं धरायचे. पण बर्फ पडायला लागल्यावर चित्र पालटलं. बाकीच्यांच्या ठरावीक मुली खेळून खेळून दमल्या होत्या, आणि आमच्या सगळ्याच्या सगळ्या ताज्या, पोटभर जेवलेल्या. एक सामना जिंकला, दोन जिंकले, मग जिंकतच सुटल्या. बघता बघता अंतिम सामना येऊन ठेपला, तोही आमच्याच जिममध्ये.

त्या दिवशी बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत पाय ठेवायला जागा नाही. मोटारवाला पहिल्या रांगेत, डेंटिस्ट त्याच्या मागे, आणि वर एका कोपऱ्यात मफलर गुंडाळलेलं आमचं अख्खं मंडळ. वहिनी सामना कधीच बसून बघत नाही. ती जिमभर हिंडून रिकाम्या बाटल्या गोळा करते. लोकांना वाटतं सफाईवाली आहे. शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका पॉइंटनं मागे होतो आणि आमची सगळ्यात चांगली खेळाडू फाउलांची मर्यादा संपून बाहेर गेली. कोचनं बाकाच्या टोकाला बघितलं आणि चष्मेवालीला उठवलं. मोटारवाला मोठ्यानं "नो!" म्हणाला. वहिनी दाराशी बाटल्यांची पिशवी पोटाशी धरून उभी राहिली.

चेंडू फिरत फिरत नेमका चष्मेवालीच्या हातात आला, बास्केटच्या अगदी खाली. जन्मात एकदा मिळावी अशी संधी! सगळं जिम ओरडत होतं, शूट, शूट. समोरच्या दोघी तिच्या अंगावर धावल्या. तिनं मान वर केलीच नाही. तिनं डावीकडे बघितलं. तिथे कोपऱ्यात तिची मैत्रीण एकटी, मोकळी उभी होती. मला काय झालं देव जाणे, मी नागपुरी आवाजात किंचाळले, "वाढ! तिला वाढ!" आणि तिनं वाढलं. मैत्रिणीनं चेंडू टाकला, तो कडेवर क्षणभर रेंगाळला आणि आत पडला, आणि भोंगा वाजला.

पुढचं काय सांगू! अध्यक्ष काकांनी टोपी उडवली, ती परत मिळाली नाही. माझ्या नवऱ्यानं डेंटिस्टला मिठी मारली, दाढ विसरून. मोटारवाल्यानं तिथल्या तिथे सांगून टाकलं की या बाईची नजर त्यानं पहिल्या दिवशीच ओळखली होती, आणि मेसला नाव द्यायचं असेल तर त्याचं नाव मोकळं आहे. प्रेसिडेंटनं तिचा हात धरून इतका वेळ हलवला की बाटल्यांची पिशवी फाटली आणि बाटल्या सगळ्या जिमभर गडगडल्या. त्या वेचायला गाव वाकलं, खरंच सांगते, सूटबूटवाले वाकले. मी तिथूनच नागपूरला फोन लावला. मामा झोपेतून उठून सगळं ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "डायरेक्टरबाईंना माझा नमस्कार सांग."

मग पाडवा आला. या वेळी वाढायला सगळा संघच आला, जर्सीवर एप्रन बांधून. चष्मेवालीनं कोशिंबीर सांभाळली. पंगती उठत गेल्या आणि शेवटी आमची बसली. वहिनी माझ्या शेजारी. कोच श्रीखंडाचं पातेलं घेऊन आली आणि या वेळी तिनं नीट वाटीत वाढलं, काठोकाठ. मी कौतुकाची वाट बघत होते, आता ही म्हणणार, मुरली बघ. पण वहिनी वाटीकडे नुसती बघत राहिली. मग हळूच, एकही इंग्रजी शब्द न घालता म्हणाली, "आई नेहमी ह्याच पंगतीत बसायची. मी तिच्या बाजूला. तिच्या पानात श्रीखंड कधी बघितलंच नाही मी. संपलेलं असायचं."

वर्षभर मला वाटत होतं, शेवटची पंगत म्हणजे नुसती वाढण्यातली शिस्त, आईनं घालून दिलेली रीत. त्या आईच्या पानात काय असायचं हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. त्या माउलीला मी कधी पाहिलं नाही, माझ्या येण्याआधीच ती गेली, पण त्या क्षणी ती आमच्या दोघींच्या मधे पदर खोचून बसली होती, एवढं खरं.

वहिनीनं वाटी चाटूनपुसून रिकामी केली. कोच दोन पानं पुढे गेली होती, तिला हाक मारून म्हणाली, "अजून वाढ."

कोचला मराठीचं अक्षर येत नाही. तिनं वळून पानाकडे बघितलं, आणि वाढलं.