टेन्शननं मोडलेलं हाड

सैन्यभरतीच्या वेळी पळण्यात पहिला आलेला आदिनाथ ट्रेनिंगमधून कुबड्यांवर घरी आला, तेव्हा मानवतजवळच्या त्याच्या गावानं आधी पाय बघितला. प्लास्टर नव्हतं. पट्टी नव्हती. खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

"मग मोडलंय काय?" शेजारच्या लिंबाजीकाकानं विचारलं.

"नडगीचं हाड, काका. स्ट्रेस फ्रॅक्चर हाय."

"स्ट्रेस म्हंजे टेन्शन," बारावीतली बहीण वैष्णवी मधेच म्हणाली.

झालं! बूट घालून पळून पळून हाडाला बारीक तडा गेलाय, हे आदिनाथ घसा फोडून सांगत राहिला. पण दिवेलागणीपर्यंत गावभर झालं की बन्सीधरच्या पोराचं हाड टेन्शननं मोडलं.

पायावर भार न देता हाड जुळलं तर परत ट्रेनिंगला, नाही जुळलं तर कायमचं घरी. आदिनाथला काळजी तेवढीच, आणि घरात काळजीलाच बंदी. "लेकरापुढं कुनी वंगाळ बोलायचं न्हाई," असं आईनं, कस्तुराबाईनं फर्मान काढलं.

मग बन्सीधर शेतातून यायचा, बाजेपुढं उभा राहायचा आणि शिक्षा झाल्यासारखा हसायचा. "हा. हा. हा."

"आबा, कामून हसायलाव?"

"तुझ्या आईनं सांगितलंय."

लिंबाजीकाका तर मयतीहून येऊन सांगू लागला, "बारसं होतं बाबा. लय रडले लोक... हसले. हसले!"

एक दिवस सगळं घर दावं घेऊन निघालं.

"कुठं निघालाव?"

"फिरायला," कस्तुराबाई दात दाखवत म्हणाली.

"दावं कशाला मग?"

"वारं लय हाय."

आदिनाथनं गोठ्याकडं पाहिलं. रिकामा! घरचे गेले ओढ्याकडं, आणि म्हैस इकडं लिंबाजीकाकाची ज्वारी चघळत थेट बिनकठड्याच्या विहिरीकडं चाललेली. काका मागून नुसता "हैऽ हैऽ" करत होता. आदिनाथ ताडकन उठला, दुखरा पाय जमिनीला टेकणार, तेवढ्यात हाड आठवलं. पळावं तर नोकरी जाते, बसावं तर म्हैस.

तो बसला. छाती भरून त्यानं ट्रेनिंगमधल्या कवायत घेणाऱ्या उस्तादाचा हुबेहूब आवाज काढला.

"थम्म!"

म्हैस थांबली.

"पीछेऽऽ मुड़!"

म्हैस वळली. लिंबाजीकाकाही वळला.

सुट्टी संपताना परभणीच्या डॉक्टरनं एक्स-रे दिव्यापुढं धरला. "जुळलं हाड. पण एकदम स्ट्रेस देऊ नका."

"ऐकलाव?" कस्तुराबाईनं सगळ्यांकडं विजयानं पाहिलं आणि घरी येताच उस्तादांनाच फोन लावायला लावला. "सायेब, पोराला टेन्शन देऊ नगा. हाड मोडतंय त्याचं."

पलीकडून फोन फुटेल असा आवाज आला, "माताजी, टेन्शन तो ये हमको देता है! जल्दी भेजो इसको! आदिनाथ! सावधाऽऽन!"

आदिनाथच्या दोन्ही टाचा खाडकन जुळल्या. कुबड्या भिंतीलाच टेकून राहिल्या. नडगी चकार शब्द बोलली नाही.

"बगा," कस्तुराबाई म्हणाली, "सायबानं समजून घेतलं तर लगेच बरं वाटलं लेकराला."

आणि पुढचा हुकूम यायच्या आतच दारात उभा असलेला लिंबाजीकाका सवयीनं मागं वळला.