दुष्काळात कुत्र्याची आंघोळ

गुरांच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच येऊन अंगाला चिकटतात, गोचिडासारखे! माणूस गाईचं दुखणं सांगायला येतो आणि जाताना घरातलं काहीतरी टेबलावर ठेवून जातो. एरवी मी म्हशींचे किस्से सांगतो. पण तुम्ही कुत्र्यांचं विचारलंत, तेही आंघोळीचं. मग बहात्तरच्या दुष्काळातच जावं लागेल.

मी नवाकोरा डॉक्टर. पोस्टिंग खर्ड्याच्या बाजूला एका गावात. हाताखाली सोपान ड्रेसर, तिथलाच, माझ्यापेक्षा वयानं बराच मोठा.

पहिल्याच आठवड्यात हेडमास्तर आले. "डॉक्टर, आमच्या टिप्याला आंघोळ किती दिवसांनी घालावी?"

कॉलेजात शिकलो होतो तसं सांगून टाकलं. "महिन्यातून एकदा. कोमट पाणी, आणि भरपूर. साबण सगळा निघाला पाहिजे."

मास्तरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "हा कुत्र्याचा कोटा झाला. मास्तरांसाठी काय नियम आहे?"

ते गेल्यावर सोपान हळूच म्हणाला, "सायेब, हितं आंगुळीचं बोलत जाऊ नका. लोकान्ला तहान लागती."

*

रस्त्याच्या कामावरचे एक ओव्हरसिअर होते. त्यांच्या बंगल्यावर टँकर आधी रिकामा व्हायचा, मग गावात. त्यांच्या बाईंचा पांढराशुभ्र पॉमेरियन, नाव प्रिन्स. अंगावरचे केस झडून चट्टे पडलेले.

"रोज आंघोळ घालते हो, तरी असं!" बाई रडकुंडीला आल्या होत्या.

"रोज घालता म्हणूनच. साबणानं कातडी कोरडी पडलीय. आंघोळ बंद करा."

सोपान प्रिन्सला मलम लावत होता. मान वर न करता म्हणाला, "वैनी, आज घातली आसंल तर त्ये पानी टाकू नका. आमची म्हस पिईल."

बाई खळखळून हसल्या. "तुमचा ड्रेसर फार विनोदी आहे हं!"

संध्याकाळी सोपान बादली घेऊन बंगल्याच्या मागच्या दाराशी उभा होता.

*

दगडू म्हणून एक शेतकरी. एका सकाळी कुत्रं खांद्यावर टाकून पळतच आला. कुत्र्याच्या तोंडाला फेस, पाय ताठ.

"काय घातलंत ह्याला?"

"घातलं न्हाई, धुतला. लई गोचीड झाले हुते. कपाशीच्या फवारनीचं औशिद हुतं घरात, त्येच पान्यात कालवलं."

"अहो, ते विष आहे! कपाशीवर मारायचं सोडून..."

"कपाशी कुटं हाय, डाक्तर? औशिद तेवढं राह्यलंय."

मी इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं कुत्रं गेलं. दगडू त्याच्या कानामागे, पोटाखाली बोटं फिरवून बघत बसला होता. मग म्हणाला, "गोचीड मातर येक न्हाई राह्यला!"

*

खडी फोडायच्या दुष्काळी कामावर बायका, पुरुष, म्हातारे, सगळे दिवसभर उन्हात. खायला सरकारी सुकडी वाटायची वेळ झाली की कुत्रीही रांगेत. एका बाईचं काळं कुत्रं धुळीनं पांढरं झालेलं, डोळे चिकटलेले. मी म्हटलं, "बाई, निदान ओल्या फडक्यानं पुसून घ्या ह्याला."

तिनं हातोडी खाली ठेवली. भुवया, पापण्या, केस, सगळी पांढरीफेक. म्हणाली, "नगं, डाक्तर. आमी समदीच पांढरी झालोय. ह्यो येकटाच निर्मळ झाला तर आमालाच भुकंल!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. हसताना त्यांना खोकला आला, तो बराच वेळ थांबेना.

*

आणि हा तात्यांचा. तात्या माळावरच्या वस्तीवर एकटे राहायचे. मुलगा, सून, नातवंडं ऊसतोडीला श्रीरामपूरकडं गेलेली. तात्यांचे दोन्ही बैल गुरांच्या छावणीत माझ्यासमोर बसले ते उठले नाहीत. तेव्हा ह्या माणसानं बैलांच्या गळ्यातले कंडे सोडून घेतले आणि चालू लागला.

उन्हाळ्यात एक दिवस दुपारी ते दवाखान्यात आले. धोतर झटकून बाकावर बसले.

"डाक्तर, कुत्र्याला आंगूळ कशी घालत्यात?"

मला जरा बरंच वाटलं. त्या दिवसांत असं साधं कुणी काही विचारत नव्हतं. मी खुलून सांगू लागलो. "पाणी कोमट घ्या. हाताला सोसेल एवढंच. मानेपासून मागं ओतत जायचं, तोंड शेवटी. कानात कापूस घालायचा, पाणी जाऊ द्यायचं नाही. मग कोरड्या फडक्यानं पुसून उन्हात बसवायचं."

तात्या प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. "साबन?"

"थोडा चालेल. पण पाणी आहे का तेवढं?"

"प्याचं ठिवलंय, त्यातलं घेतो."

"मग राहू द्या की, तात्या! पाऊस पडल्यावर घाला. याआधी कधी घातली होती?"

"कदीच न्हाई. त्यो आपला ओढ्यात लोळायचा. ओढाच आटला."

"मग एवढी घाई कशाला? पुढंही महिन्यातून एकदा घातली की पुरे."

"न्हाई, येकदाच घालायची," तात्या उठत म्हणाले. "सकाळी गेला त्यो."

तात्या दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"कानात पानी जाऊ द्याचं न्हाई, म्हनलासा न्हवं?"

मी मान हलवली. सोपाननं बरणीतून कापूस काढला आणि तात्यांच्या हातावर ठेवला.